एका प्रोग्रामची वंशावळ : परभणीचे प्रयोगशेत, केंब्रिजची कागदी फीत आणि ‘डिपेंडन्सी’चा इतिहास

थ्रेड 🧵

१/
कृषी विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंध उघडला, की संदर्भसूचीत एक जोडनाव बहुधा भेटतेच : पानसे आणि सुखात्मे. कृषी संशोधकांसाठी सांख्यिकी पद्धती सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. कोणत्या आवृत्तीचा आधार घेतला, हेही वर्षासह नोंदवले जाते. त्याच प्रबंधात काही पाने आधी एक वाक्य अनेकदा आढळते : ‘विश्लेषण संगणकावर आर या प्रणालीत केले.’ एवढेच. आरची आवृत्ती कोणती, पॅकेजेस कोणती, त्यांच्या पोटात काय, याचा उल्लेख नसतो. आजचा थ्रेड या गाळलेल्या जागेचा इतिहास आहे.

२/
प्रथम स्थळ. परभणी हैदराबाद संस्थानात असताना, १९१८ मध्ये, तेथे मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन यांच्या चाचण्या येथे वर्षानुवर्षे चालतात. वाफे आखायचे, उपचार वाटायचे, उत्पादन मोजायचे, आणि आकड्यांतून ठरवायचे की दिसणारा फरक खरा की योगायोगाचा. त्या उत्तरातून शेतकऱ्यांसाठीची शिफारस निघते. म्हणून गणित कशाने केले, हा प्रश्न बांधापर्यंत पोहोचतो.

३/
याच विद्यापीठाचे सर्वांत गाजलेले अपत्य म्हणजे ‘परभणी क्रांती’ ही भेंडी. पिवळ्या शिरांच्या विषाणूरोगाला, शेतकऱ्यांच्या भाषेत केवड्याला, दाद न देणारा हा वाण १९८० च्या दशकात प्रसारित झाला. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात त्याची नोंद केली. ‘पुसा सावनी’ या वाणाचा ‘ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट’ या रानटी नातलगाशी संकर केला, पुढील पिढ्यांत निवड केली, आणि त्यातून हा वाण आला.

४/
‘पुसा सावनी’ तरी कुठून आली? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘आयसी १५४२’ आणि ‘पुसा मखमली’ यांच्या संकरातून. प्रारंभी ती केवड्यापुढे टिकत असे. काही वर्षांत तिची सहनशक्ती ओसरली. परभणीच्या संशोधकांना नवा आधार शोधावा लागला, तो त्यामुळेच. वंशावळ लिहून ठेवलेली असल्यामुळे प्रतिकारशक्ती कोठून आली आणि कोठे गळाली, हे आज सांगता येते. वनस्पती-पैदासकाराला ही नोंद ठेवायला कोणी शिकवावे लागत नाही. ती त्याच्या विद्येचीच सवय आहे.

५/
संगणकीय प्रोग्रामलाही अशीच वंशावळ असते. आपण एक प्रोग्राम वापरतो. तो दुसऱ्या दहा लायब्ररींवर विसंबतो. त्यांतील प्रत्येक आणखी काहींवर. या विसंबण्याला प्रोग्रामर ‘डिपेंडन्सी’ म्हणतात, शुद्ध मराठीत ‘अवलंबित्व’. फरक इतकाच, की बियाण्याची वंशावळ माणसे लिहितात. प्रोग्रामची वंशावळ यंत्र सांभाळते, आणि माणूस ती पाहायचीच विसरतो. हे विसरणे कसे घडत गेले, ते पाहू.

६/
६ मे १९४९. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाचे ‘एडसॅक’ यंत्र पहिल्यांदा चालले. प्रोग्राम भोके पाडलेल्या कागदी फितीवर असे. वर्गमूळ, त्रिकोणमिती, संकलन अशी गणिते प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी त्यांच्या तयार फिती एका पोलादी कपाटात ठेवल्या गेल्या. हवी ती काढायची, यंत्राने तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची, मूळ फीत जागेवर ठेवायची. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये याविषयी पुस्तक लिहिले, तेव्हा कपाटात ८७ उपप्रोग्राम होते.

७/
तेव्हा अवलंबित्व हातात धरता येत होते. आपल्या प्रोग्राममध्ये काय-काय आहे, हे फितीची लांबीच सांगे. उपप्रोग्राम स्मृतीत कुठेही बसला तरी त्यातील पत्ते जुळावेत, हे काम व्हीलर यांचे ‘प्रारंभिक आदेश’ करीत. आजच्या इन्स्टॉलरचा तो आद्य पूर्वज म्हणता येईल. उपप्रोग्राम लिहून झाल्यावरही अनोळखी माणसाला तो वापरता येईल असे वर्णन लिहिण्याचे काम उरते, आणि कदाचित तेच सर्वांत कठीण असते, असे व्हीलर यांनी १९५२ मध्येच बजावले होते. सत्तर वर्षे उलटली. तक्रार तीच आहे.

८/
येथे शेतीचा धागा अनपेक्षितपणे जुळतो. जीवशास्त्रातील प्रश्न संगणकावर सोडवण्याचे अगदी पहिले उदाहरण याच एडसॅकवरचे. प्रश्न जनुकांच्या वारंवारतेचा होता, शोधनिबंध १९५० चा, आणि लेखक रोनाल्ड फिशर. हेच फिशर, ज्यांनी इंग्लंडच्या रॉथमस्टेड प्रयोगकेंद्रात यादृच्छिक वाटप आणि प्रसरणाचे विश्लेषण, म्हणजे ‘अनोव्हा’, यांचा पाया घातला. परभणीतील वाफ्यांची आखणी आजही त्याच विचाराने होते.

९/
फिशर यांचा विचार भारतीय शेतापर्यंत आणणाऱ्यांत मराठी माणसे आघाडीवर होती. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनमध्ये सांख्यिकी शिकून परतले आणि त्यांनी दिल्लीत कृषी अनुसंधान परिषदेचा सांख्यिकी विभाग उभारला. विनायक गोविंद पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर काम करीत होते. त्यांच्या काळातील संशोधक वर्गांची बेरीज हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर करी. आकडेमोडीचा प्रत्येक टप्पा कागदावर उतरे, आणि चूक झाली तर कोणत्या ओळीत झाली हे दुसरा माणूस दाखवू शके. त्या पद्धतीला एकच अवलंबित्व होते : पुस्तक. त्याची आवृत्ती नोंदवण्याची प्रथा तेव्हाची.

१०/
मग यंत्रे आली. रॉथमस्टेडला १९५४ मध्ये ‘एलियट ४०१’ पोहोचला. तेथेच पुढे जॉन नेल्डर यांच्या गटाने ‘जेनस्टॅट’ घडवले. दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संस्थेत १९६४ मध्ये ‘आयबीएम १६२०’ आणि १९७७ मध्ये ‘बरोज बी-४७००’ बसला. अमेरिकेत ‘सॅस’ही शेतीच्या आकड्यांतूनच जन्मले : नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात कृषी प्रयोगांच्या विश्लेषणासाठी सुरू झालेले हे काम १९७६ मध्ये स्वतंत्र कंपनी बनले. सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या इतिहासात शेती कडेला उभी नाही, हे नव्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

११/
आता एक अवश्य वळण. १९७९ मध्ये ‘लिनपॅक’ हा फोरट्रान भाषेतील उपप्रोग्रामांचा संग्रह आला. समीकरणांचे संच सोडवणे हे त्याचे काम. तो ‘ब्लास’ या आणखी खालच्या पायरीवरील संग्रहावर विसंबून होता. म्हणजे दोन मजले झाले. मग लिनपॅकमधील एकच उपप्रोग्राम हवा असेल, तर त्याला लागणारे बाकीचे कोण हुडकणार?

१२/
१९८५ मध्ये जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस यांनी ‘नेटलिब’ सुरू केले. ठरावीक पत्त्यावर ई-मेल पाठवायचा, ‘लिनपॅकमधून अमुक पाठवा’ असे लिहायचे. उलट टपाली तो उपप्रोग्राम येई, आणि तो ज्यांना हाक मारतो तेही आपोआप सोबत येत. ‘अमुक पाठवा, पण तमुक नको’ असेही लिहिता येई. वैज्ञानिक सॉफ्टवेअरचे अवलंबित्व यंत्राने सोडवण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांतील हा एक. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत देखणा क्षण हाच. सोय केवढी मोठी! आणि नजरेआड होण्याची सुरुवातही येथलीच : सोबत काय आले, हे पाहण्याची गरज उरली नाही.

१३/
न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकारंभी ‘आर’ लिहायला घेतले. त्याच्या पॅकेजेसचे सार्वजनिक भांडार ‘क्रॅन’ १९९७ मध्ये उघडले, तेव्हा आत डझनभर पॅकेजेस होती. आज ती वीस हजारांहून अधिक आहेत. फुकट आणि खुले असल्याने भारतीय विद्यापीठांत आर वेगाने पसरले.

१४/
आता ही वंशावळ परभणीहून उलटी चढू. विद्यार्थिनी तुरीच्या चाचणीचा अनोव्हा काढते. तिची आज्ञा आतून ‘एलएम’ या फंक्शनला हाक मारते. एलएम खाली फोरट्रानमधील एका उपप्रोग्रामकडे जाते. त्याची मूळ रचना जी. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट यांची, १९७८ ची, लिनपॅकसाठी केलेली, आणि इहाका यांनी तीत आरसाठी बदल केले. तो उपप्रोग्राम ब्लासला हाक मारतो. विद्यार्थिनीच्या जन्माआधीची दोन-तीन दशके तिच्या लॅपटॉपवर क्षणार्धात धावून जातात. पानसे-सुखात्मे यांचे नाव प्रबंधात येते. स्ट्यूअर्ट यांचे येत नाही.

१५/
येथवर सारे सुरळीत वाटते. अडचण सुरू होते ती पाया हलतो तेव्हा. समजा, पॅकेज ‘क’ला लायब्ररी ‘ग’ची जुनी आवृत्ती हवी आणि पॅकेज ‘ख’ला नवी, यंत्रावर एका वेळी ‘ग’ची एकच आवृत्ती राहू शकते. मग ‘क’ आणि ‘ख’ एकत्र नांदत नाहीत. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘डेबियन’ने प्रत्येक पॅकेजसोबत ‘याला काय लागते’ आणि ‘याचे कोणाशी पटत नाही’ असे जाहीर लिहून ठेवण्याची शिस्त आणली. त्यावरून योग्य संच निवडून आणणारे ‘ॲप्ट’ हे साधन त्या दशकाच्या अखेरीस आले.

१६/
हा गुंता वरवर घरगुती वाटतो, पण गणिताने त्याची खोली मोजली आहे. दिलेल्या नियमांत बसणारा पॅकेजेसचा संच अस्तित्वात आहे का, हा प्रश्न ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातला आहे, असे युरोपातील संशोधकांनी २००६ च्या सुमारास सिद्ध केले. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी कोणतीही रीत आज माहीत नाही. पडद्यावर ‘सॉल्व्हिंग’ लिहून आलेले असते आणि यंत्र मिनिटेच्या मिनिटे थांबते, तेव्हा ते आळस करत नसते.

१७/
एक ठोस उदाहरण नकाशांचे. जमीन आणि पाऊस यांचे नकाशे करणारे संशोधक आरमधील ‘आरजीडाल’ पॅकेज वर्षानुवर्षे वापरत. ते ‘जीडाल’ आणि ‘प्रोज’ या लायब्ररींवर उभे. पृथ्वीच्या गोलावरील बिंदू सपाट नकाशावर आणणारे प्रोज १९८० च्या दशकात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील जेराल्ड एव्हेंडेन यांनी लिहायला घेतले. २०१९ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली आणि निर्देशांकांचा पाया सांगण्याची जुनी पद्धत मोडीत निघू लागली. देखभाल करणाऱ्यांनी बराच आधी इशारा देऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये आरजीडाल निवृत्त केले. त्यावर उभ्या जुन्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर आता पहिल्याच ओळीला अडतात.

१८/
आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट १८३०’ या आकारमानावर बेतलेले. आजचे जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’वर चालते. एकातून दुसऱ्यात जाताना प्रोगच्या नव्हे, प्रोजच्या आवृत्तीने वेगळी वाट धरली आणि ते ध्यानात आले नाही, तर बिंदू बांध ओलांडून भलत्याच शेतात पडतो. (ज्या महासर्वेक्षणातून तो आकार आला, त्याचा आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथे आहे. तो वेगळ्या थ्रेडचा विषय.)

१९/
प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते तरी. खरा धोका चालू राहून वेगळे उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा. यादृच्छिक वाटप संगणकाकडून करून घेताना त्याला एक प्रारंभिक संख्या देतात. तिला ‘सीड’ म्हणतात, म्हणजे बीजच. बीज तेच असेल तर वाटप तेच यावे, या भरवशावर संशोधक फक्त बीज लिहून ठेवतो. एप्रिल २०१९ मध्ये आरची ३.६.० आवृत्ती आली आणि निवड करणाऱ्या ‘सॅम्पल’ फंक्शनची मूळ रीत बदलली.

२०/
बदल योग्यच होता : जुन्या रीतीत फार मोठ्या संचातून निवड करताना किंचित पक्षपात होई. पण परिणाम असा, की २०१८ मध्ये काढलेला वाफ्यांचा आराखडा २०२० मध्ये त्याच बीजातून पुन्हा काढला, तर उपचार वेगळ्याच वाफ्यांत जातात. ना चूक दिसते, ना लाल अक्षरे. शेतातील नोंदवही आणि संगणकावरील आराखडा जुळेनासे होतात, आणि दोष नोंदवहीला दिला जाण्याची शक्यता अधिक. आवृत्तीची नोंद असेल तर इलाज एका ओळीचा आहे, आरला ‘३.५.० सारखा वाग’ असे सांगता येते. नोंद नसेल तर कोणती आवृत्ती सांगणार?

२१/
उपाय निघत गेले, प्रत्येकाला त्याची खोट आहे. ‘कोंडा’ने २०१२ पासून प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र कप्पा दिला, भांडणे मिटली, डिस्क भरली. ‘डॉकर’ने २०१३ मध्ये संपूर्ण यंत्रणाच सीलबंद डब्यात घातली. डबा चालतो खरा, पण त्यात काय आणि का आहे हे तो स्वतःहून सांगत नाही. वंशावळ नसलेल्या बियाण्याच्या पिशवीसारखा. मला सर्वांत पटतो तो एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समध्ये घडवलेला ‘निक्स’, ज्यावर त्यांचा २००६ चा प्रबंध आहे. त्यात प्रत्येक पॅकेजच्या जागेच्या नावातच त्याच्या साऱ्या घटकांपासून काढलेला एक सांकेतिक ठसा असतो. एक आजोबा बदलला, तरी नातवाचे नाव बदलते. दुर्दैवाने तो शिकायला सोपा नाही.

२२/
विद्यापीठांनी व्यवहारात वेगळीच वाट काढली. राष्ट्रीय कृषी नवोन्मेष प्रकल्पातून २००९ नंतर देशभरच्या कृषी संशोधन संस्थांसाठी सॅस उपलब्ध केले गेले. आतला गुंता कंपनीने सांभाळायचा, मात्र परवाना संपला की दार बंद. हिसारच्या कृषी विद्यापीठातील ‘ऑपस्टॅट’ तर थेट संकेतस्थळावर चालते; इन्स्टॉल करायचे काहीच नाही. विद्यार्थ्यांना ते प्रिय का, हे उघड आहे. पण तेथे आवृत्ती वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही. अवलंबित्व नाहीसे झालेले नसते, ते दुसऱ्याच्या यंत्रावर गेलेले असते.

२३/
एकाच आधारावर सर्वांनी विसंबण्याचा धोका शेतीने आधीच भोगला आहे. १९७० मध्ये अमेरिकेतील बहुतांश संकरित मका ‘टेक्सास’ नावाच्या एकाच पेशीद्रव्यावर उभा होता. त्याच दुबळ्या जागी करपा घुसला आणि देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के भाग गेला. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या छोट्या लायब्ररीतील दोष उघड झाला, तेव्हा जगभरच्या संस्थांपुढे पहिला प्रश्न होता : आपल्या कोणत्या प्रोग्रामच्या पोटात ती आहे? तुलना फार ताणू नये. तरी हा प्रश्न मक्याच्या पैदासकाराला परका वाटला नसता.

२४/
२०१९-२० मध्ये कोनराड हिन्सेन आणि निकोला रूजिए यांनी शास्त्रज्ञांना जाहीर आव्हान दिले : दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या निबंधातील प्रोग्राम आज पुन्हा चालवून दाखवा. दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचाच. असे आव्हान द्यावे लागले, यातच स्थिती कळते. आपल्याकडील जुने प्रबंध ग्रंथालयात शाबूत आहेत. त्यांतील आकड्यांमागची आज्ञावली चालू शकेल असे कितींबाबत म्हणता येईल?

२५/
बियाण्यांच्या बाबतीत आपण हा प्रश्न कायद्याने सोडवला. १९६६ च्या बियाणे अधिनियमानंतर प्रमाणीकरणाची साखळी बसली : पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी चिठ्ठी, पायाभूताला पांढरी, प्रमाणिताला निळी. महाबीजच्या पिशवीवरील निळी चिठ्ठी मराठवाड्यातील शेतकरी पेरणीनंतरही जपून ठेवतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच पुरावा.

२६/
संगणकावरील चिठ्ठी मिळवणे त्याहून सोपे आहे. विश्लेषण संपल्यावर आरमध्ये ‘सेशनइन्फो’ ही एक आज्ञा द्यायची. आरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, वापरलेल्या प्रत्येक पॅकेजचा क्रमांक, सारे पडद्यावर येते. ‘आरएन्व्ह’ हे पॅकेज तीच नोंद फाइलीत ठेवते आणि पुढे त्यावरून तोच संच पुन्हा जुळवू पाहते. प्रबंधाच्या परिशिष्टात ही यादी अर्धे पानही व्यापत नाही. २०१७ नंतरच्या आरमध्ये त्या यादीत वरच्या बाजूला आणखी दोन नावे दिसतात, कोणत्या फाइलींतून घेतली त्या पत्त्यासह : एक ब्लासचे, दुसरे लिनपॅकच्या वारसदाराचे, लॅपॅकचे.

#मराठी #इतिहास #परभणी #विज्ञानाचाइतिहास